वाचलेले हरिण काय शिकते?

ज्वारी हुरड्यात आली किंवा हरभऱ्याला घाटे धरू लागले, की रानाकडेच्या गावांतून राखणीची चिंता सुरू होते. शेतात माच उभी राहते, बुजगावणे उभे राहते, रात्री डबे वाजू लागतात. पहिले चार-सहा दिवस या उपायांचा गुणही येतो. पुढे मात्र बुजगावण्याच्या पायाशीच खुरांच्या खुणा दिसू लागतात आणि राखणदार हताश होऊन म्हणतो, "जनावर शहाणे झाले!"

हे उद्गार त्राग्यातून निघालेले असले, तरी त्यांत मोठे तथ्य आहे. जनावर खरोखरच शहाणे होते. कोणता धोका खरा व कोणता खोटा, माणूस कोणत्या वेळी व कोणत्या वाटेने येतो, हे ते शिकते आणि आपल्या पाडसासही शिकविते. जगातील ज्या देशांत हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारला शिकारी नेमावे लागले, त्या देशांना हा धडा फार मोठी किंमत देऊन घ्यावा लागला. न्यूझीलंडचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोलका आहे. तेथील परिस्थिती आपल्याहून अगदी निराळी असली, तरी हरणाच्या स्वभावाविषयी तेथे जे कळले, ते आपल्या राखणदारालाही उपयोगी पडणारे आहे.

हरिण नसलेल्या देशात हरिण

न्यूझीलंडमध्ये मुळात हरिण नव्हते. वटवाघळे सोडली तर जमिनीवर राहणारा सस्तन प्राणीच त्या बेटांवर नव्हता. युरोपातून तेथे स्थायिक झालेल्या लोकांनी शिकारीच्या हौसेसाठी १८५१ पासून इंग्लंड व स्कॉटलंडमधून तांबडी हरणे आणून सोडली. ही हरणे आकाराने साधारणतः आपल्या सांबरासारखी असतात. पुढे इतर जातीही आल्या. श्रीलंकेतील सांबर तेथे १८७५ मध्ये नेण्यात आले, तर हिमालयातील थार नावाचा रानबोकड १९०४ मध्ये तेथील डोंगरांत सोडण्यात आला.

या नव्या भूमीत हरणांना चारा विपुल होता आणि वाघ, बिबट्या, कोल्हा, लांडगा यांपैकी एकही शत्रू नव्हता. शिवाय आरंभी कायद्यानेही त्यांना संरक्षण दिले होते. हरिणीला वर्षाला बहुधा एकच पाडस होते. परंतु ते पाडस जगले आणि दोन-तीन वर्षांत स्वतः विऊ लागले, तर कळप किती झपाट्याने वाढतो याचा हिशेब कोणीही शेळ्या-मेंढ्या पाळणारा माणूस करू शकेल. साठ-सत्तर वर्षांत दऱ्याखोरी हरणांनी भरली. जंगलातील कोवळी रोपे उगवताच खाल्ली जाऊ लागली. डोंगरमाथ्यावरील झुपकेदार गवत तुडविले गेले आणि खालच्या कुरणांत मेंढ्यांचा चारा हरणांच्या पोटात जाऊ लागला. डोंगर उघडे पडून पूर येतील, ही भीतीही त्या वेळी मोठी होती. ही धूप बव्हंशी भूकंप व अतिवृष्टी अशा नैसर्गिक कारणांनी होत होती, असे पुढील संशोधनात दिसून आले. परंतु वनस्पतींची हानी मात्र खरी होती.

अखेर १९३० मध्ये हरणांचे संरक्षण काढून घेण्यात आले आणि १९३१ पासून कॅप्टन येरेक्स यांच्या देखरेखीखाली पगारी सरकारी शिकाऱ्यांची पथके डोंगरांत पाठविण्यास सुरुवात झाली. दाट उगवलेल्या रोपांची आपण विरळणी करतो, तशी हरणांच्या कळपांची विरळणी करावयाची, असा हा बेत होता.

शेपट्यांचा हिशेब

हे शिकारी एकेकटे किंवा दोघे-दोघे मिळून महिनोन्‌महिने डोंगरांत राहत. पाठीवर शिधा, तंबू व काडतुसे घेऊन नद्या ओलांडीत ते एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जात. ठरलेल्या पगाराखेरीज मारलेल्या प्रत्येक हरणामागे त्यांना बक्षीस मिळे आणि पुरावा म्हणून हरणाची शेपटी किंवा कातडे आणून द्यावे लागे. कष्टात आणि नेमबाजीत ही माणसे कोणाला हार जाणारी नव्हती. १९३१ ते १९७५ या काळात सरकारी शिकाऱ्यांनी मारलेल्या हरणांची संख्या दहा लाखांहून अधिक भरते.

एवढी हरणे मारूनही डोंगरांतील हरिण संपले नाही. कित्येक खोऱ्यांत दरवर्षी शिकार होऊनही पुढील वर्षी कळप हजर असत. याची कारणे दोन होती.

पहिले कारण संख्येचे. कळप विरळ झाला की उरलेल्या हरणांना चारा अधिक मिळतो. माद्या लवकर गाभण राहतात, पाडसे अधिक जगतात आणि पडलेले खिंडार दोन-तीन हंगामांत भरून निघते. वार्षिक वाढीहून अधिक हरणे मारली नाहीत, तर ती शिकार कळपाला उपकारकच ठरते.

दुसरे कारण हरणाच्या शिकण्याचे, आणि तेच आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. शेपटीमागे पैसे मिळत असल्यामुळे शिकारी साहजिकच जेथे हरणे पुष्कळ व उघड्यावर असत तेथे जाई. पहिल्या काही दिवसांत त्याला मोठी शिकार मिळे. मग हरणे दिसेनाशी होत, दिवसभर भटकूनही एखादी शेपटी मिळे, तेव्हा तो पुढच्या खोऱ्याकडे वळे. मागे राहत ती थोडकी हरणे. पण ती बंदूक ओळखणारी असत. नव्या कळपाचे बीज या मुरलेल्या हरणांतूनच पडे. कचेरीत शेपट्यांची मोजदाद होई. जिवंत राहिलेल्या हरणांची आणि त्यांनी काय शिकून घेतले याची मोजदाद त्या हिशेबात नसे.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांनी या गोष्टीचा विशेष विचार करावा. किती झाडे लावली यापेक्षा किती जगली हे महत्त्वाचे असते. त्याचप्रमाणे किती जनावरे मारली किंवा किती वेळा हाकलली, यापेक्षा रान आणि पीक किती सावरले, हेच कामाचे खरे माप होय. हे न्यूझीलंडमध्येही पुढे पटले आणि १९५६ मध्ये वनखात्याकडे हे काम आल्यावर हरणांचा जंगलावर प्रत्यक्ष परिणाम काय होतो याच्या पाहणीस अधिक महत्त्व मिळू लागले.

हरिण शिकते कसे?

निसर्गाने हरणाला शिकण्याची साधने भरपूर दिली आहेत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळविताही त्याला जवळजवळ चोहोकडचे दिसते. तांबडा रंग त्याला नीट ओळखता येत नाही. परंतु हललेली वस्तू त्याच्या नजरेतून क्वचितच सुटते. कान स्वतंत्रपणे फिरतात. नाक तर सर्वांत तीक्ष्ण असते. वारा अनुकूल असेल तर माणूस दिसण्याच्या कितीतरी आधी त्याला माणसाचा वास येतो.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. कुरणावर सात हरणे चरत आहेत. शिकारी एक बार काढतो, एक हरिण पडते आणि सहा पळतात. त्या सहा हरणांनी बंदुकीचा आवाज, माणसाचा वास, ती जागा आणि ती वेळ यांची सांगड सोबत्याच्या मरणाशी घातलेली असते. हा धडा पुष्कळदा एकदाच पुरतो. तांबड्या हरणांच्या कळपात पुढारीपण बहुधा एखाद्या वयस्क मादीकडे असते. ती थबकली की सारा कळप थबकतो, ती भुंकल्यासारखा इशारा देऊन वळली की सारा कळप वळतो. पाडसे वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ आईच्या मागे हिंडतात. त्यामुळे ज्या पाडसाने बंदूक कधी ऐकलेली नाही, तेही आईची पाऊलवाट, चरण्याची वेळ आणि लपण्याची जागा आपोआप उचलते.

शिकार होत असलेल्या प्रदेशांत हरणांच्या वागण्यातील बदल ठरावीक क्रमाने दिसून येतात. प्रथम ती माणसापासून अधिक अंतरावरूनच पळू लागतात. नंतर चरण्याची वेळ बदलते. भर दिवसा उघड्या कुरणावर येणारे कळप संधिप्रकाशात आणि पुढे रात्रीच बाहेर पडू लागतात. तिसरा बदल जागेचा. उघडी माळराने सोडून ती झाडोऱ्याच्या कडेला, दोन उड्यांत आत शिरता येईल अशा ठिकाणी चरतात. शेवटचा बदल सर्वांत चतुराईचा असतो. मुरलेले हरिण पळत नाही. झुडपात निश्चल उभे राहून शिकाऱ्याला पुढे जाऊ देते. शिकाऱ्याला मात्र वाटते की या रानात हरिणच उरलेले नाही.

कॅनडाच्या पश्चिम भागात वापिती नावाच्या मोठ्या हरणांवर झालेल्या अभ्यासाने या गोष्टीला पुष्टी मिळाली आहे. तेथील संशोधकांनी माद्यांच्या गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळविणारे पट्टे बांधले आणि त्यांच्या हालचाली काही वर्षे टिपल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वय वाढेल तसतशी मादी शिकारीच्या हंगामात हालचाल कमी करते आणि रस्त्याजवळ असताना दाट झाडीचा व चढउताराच्या जागेचा अधिक आश्रय घेते. धनुष्यबाणाने शिकार करणारे व बंदुकीने शिकार करणारे यांच्यासाठी तिचे वागणेही निरनिराळे असते. नऊ-दहा वर्षांची झालेली मादी शिकाऱ्याच्या हाती जवळजवळ लागतच नाही. याच प्रदेशातील आधीच्या अभ्यासात असेही दिसले होते की, सतत फिरणारी व उघड्यावर येणारी हरणे आधी मारली जातात. म्हणजे एकीकडे शिकारी धीट हरणे निवडून काढतो आणि दुसरीकडे उरलेली हरणे अनुभवाने सावध होतात. दोन्हींचा परिणाम एकच. शिकार जितकी लांबते, तितका कळप अवघड होतो.

आकाशातून आलेला शिकारी

न्यूझीलंडमध्ये १९६० नंतरच्या दशकात या लढाईला नवे वळण लागले. हरणाच्या मांसाला पश्चिम जर्मनीसारख्या देशांत चांगला भाव मिळू लागला. दुर्गम डोंगरांतून मारलेली हरणे खाली आणण्यासाठी टिम वॉलिस यांच्यासारख्या उद्योजकांनी १९६३ च्या सुमारास हेलिकॉप्टर वापरून पाहिले. लवकरच हेलिकॉप्टरमध्ये बसूनच शिकार होऊ लागली.

आरंभीचे यश विलक्षण होते. ज्या हरणांनी पायी येणाऱ्या माणसाविषयी सारे शिकून घेतले होते, त्यांना आकाशातून येणाऱ्या धोक्याची कल्पनाच नव्हती. परंतु हे अज्ञान फार काळ टिकले नाही. थोड्याच वर्षांत पंख्याचा आवाज दूरवर ऐकताच हरणे जंगलात शिरू लागली, उघड्या डोंगरमाथ्यावर दिवसा येण्याचेच त्यांनी सोडले आणि काही तर झुडपाखाली अंग चोरून बसू लागली. मग वैमानिकही शिकले. ते पहाटेच्या पहिल्या उजेडात, डोंगराच्या आडून, आवाज पोहोचण्याआधीच कळपावर येऊ लागले. माणूस एक युक्ती काढी आणि हरिण तिच्यावर उतारा शोधी, असा हा क्रम चालू राहिला.

असे असूनही उघड्या डोंगरांवरील हरणांची संख्या या काळात फार मोठ्या प्रमाणात घटली, हे मान्य केले पाहिजे. कारण मांसाला भाव असेपर्यंत शिकारी पुनःपुन्हा परत येत होते आणि विश्रांतीचा हंगाम कळपाला मिळत नव्हता. दाट जंगलातील हरणे मात्र त्या मानाने बचावली. पुढे १९६९ मध्ये हरिणपालनास कायद्याने परवानगी मिळाली. तेव्हा हीच हेलिकॉप्टरे जाळी टाकून जिवंत हरणे पकडू लागली. काल जे उपद्रवी होते, ते आज कुंपणातील पशुधन झाले आणि पाळीव हरणांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. रानातील हरणे मात्र अजूनही आहेत आणि त्यांच्या नियंत्रणाचे काम अजूनही चालू आहे.

मारावे तर सर्व, नाहीतर बार काढू नये

या अनुभवांतून हरिण-नियंत्रणाचे शास्त्र काही नियमांपर्यंत येऊन पोहोचले आहे. जपानमध्ये हरणांमुळे शेती व वन यांचे फार नुकसान होते. माणसाला ओळखून चुकवणाऱ्या हरणांना तेथील लोकांनी 'सुरे-जिका' असे खास नावच दिले आहे. असे हरिण तयार होऊ नये म्हणून तेथे काही ठिकाणी आमिष टाकून अगदी लहान कळप जवळ येऊ देतात. आलेली सर्व हरणे टिपता येतील अशी खात्री असेल तरच नेमबाज बार काढतो. कळप मोठा असेल, तर त्या दिवशी बंदूक उचलतच नाहीत. एक हरिण मारून सहांना शिकविण्यापेक्षा त्या दिवशी रिकाम्या हाताने परतणे अधिक लाभाचे, असा हा हिशेब आहे. हे काम कुशल व मोजक्या माणसांनी थोड्या काळात नेटाने करावे. अनेक हौशी लोकांनी वर्षभर अधूनमधून केले, तर त्यातून केवळ कळपाचे शिक्षण होते.

आपल्या शेतासाठी बोध

आपल्याकडे हरणे बाहेरून आणलेली नाहीत. ती या भूमीचीच आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये काळवीट, चितळ, सांबर, नीलगाय यांसारख्या प्राण्यांना संरक्षण असून, सक्षम वनाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून त्यांना मारणे हा गुन्हा आहे. म्हणून परदेशातील शिकारीच्या पद्धतींचे येथे अनुकरण करावयाचे नाही. घ्यावयाचे ते त्यांमागील तत्त्व: जनावर प्रत्येक भेटीतून काहीतरी शिकते, आपण त्याला काय शिकवीत आहोत, हे आपण पाहिले पाहिजे.

मारलेल्या कळपातून वाचलेले हरिण खरा धोका ओळखते. तसेच बुजगावण्यापाशी निर्धास्त चरलेले हरिण खोटा धोका ओळखते. शिकण्याची शक्ती एकच, तिची ही दोन फळे होत. रोज त्याच जागी उभे असलेले बुजगावणे, रोज त्याच वेळी वाजणारा डबा, वरचेवर उडविलेले फटाके यांमागे काहीच घडत नाही, हे जनावराच्या ध्यानी आले की ते उपाय कायमचे वाया जातात. म्हणून राखणीत पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. राखण पिकाची चव लागण्यापूर्वी सुरू करावी. शेतात एकदा पोटभर चरून गेलेली मादी पुन्हा येते आणि पाडसालाही आणते. पहिला धडा भीतीचा मिळावा, चाऱ्याचा मिळू नये.

२. बुजगावणे, आवाज व उजेड यांच्या जागा व वेळा दोन-तीन दिवसांनी बदलाव्या. जनावर आत शिरतेवेळी राखणदार व राखणीचा कुत्रा प्रत्यक्ष हजर असला, तरच इतर उपायांचा धाक टिकतो.

३. सकाळी शेताच्या कडेने फिरून खुरांच्या खुणा, लेंड्या व पाऊलवाटा पाहाव्या. जनावरे बहुधा ठरलेल्या वाटांनी येतात. सगळ्या शेतावर थोडे थोडे लक्ष ठेवण्यापेक्षा त्या वाटांवर नेमके लक्ष ठेवणे फलदायी असते.

४. दिवसा दडून बसण्यास आडोसा देणारे शेतालगतचे गचपण शक्य तेथे कमी करावे. उघड्यावरून यावे लागले की जनावर बिचकते.

५. एकट्याने राखण केल्यास कळप शेजाऱ्याच्या शेतात जातो आणि तेथे पोट भरून पुन्हा परततो. शिवारातील सर्वांनी मिळून पाळीपाळीने राखण करावी. कुंपणही सामाईक केल्यास खर्च कमी येतो व त्यात खिंड राहत नाही.

६. सौर ऊर्जेवर चालणारे झटका मशीन बसविल्यास तारेखालचे गवत नियमित कापावे व यंत्र एक रात्रही बंद ठेवू नये. तार निर्जीव आहे हे एकदा कळले, की जनावर ती ओलांडण्यास शिकते. घरगुती किंवा पंपाची वीज तारेत सोडणे मात्र बेकायदेशीर असून त्यात जनावरांप्रमाणेच माणसेही दगावतात. हा प्रकार कोणीही करू नये.

७. नुकसान झाल्यास विलंब न लावता वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास अर्ज लिहिण्यास साहाय्य करावे आणि गावातील नुकसानीची तारीखवार नोंद ठेवावी. कोणत्या शिवारात, कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने कळप येतो, हे दोन-तीन वर्षांच्या नोंदीवरून स्पष्ट होते आणि पुढील हंगामाची राखण त्यावरून आखता येते.

न्यूझीलंडच्या शिकाऱ्यांकडे बंदुका होत्या, काडतुसे होती, शेवटी हेलिकॉप्टरेही आली. तरीही रोज तीच युक्ती करणाऱ्यावर हरणाने मात केली. आपल्या राखणदाराजवळ एक काठी, एक बॅटरी आणि राखणीचा कुत्रा एवढेच असते. परंतु जनावराचे शिकणे त्याने ओळखले, तर तेवढ्यावरही पुष्कळ पीक वाचू शकते. ज्या दिवशी राखणदार माचेवर बसल्या बसल्या "जनावर शहाणे झाले" असे म्हणतो, त्याच दिवशी त्याने आपली राखण बदलावी.